गावी परतायचे, पण कोणाच्या शेतावर?

शहरातली नोकरी सोडून गावी परतलेला, शेतावर चार खोल्या बांधून पर्यटकांना हुरडा खाऊ घालणारा तरुण शेतकरी हल्ली रविवारच्या पुरवण्यांचा लाडका नायक झाला आहे. त्याच्या कष्टाबद्दल आमची तक्रार नाही. नुसत्या कांद्याच्या भावावर घर चालत नाही, हे आम्हालाही कळते. पण ज्याचे शेतच नाही, त्याने परत यायचे कुठे?

राज्य सरकारने 2020 साली कृषी पर्यटन धोरण आणले. केंद्र नोंदवायचे तर किमान 1 एकर शेतजमीन हवी. 1 एकर म्हणजे काय मोठेसे, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आमच्या बौद्धवाड्यातले सातबारे पाहावेत. मागच्या वर्षी वस्तीतल्या अकरा मुलांना घेऊन आम्ही अशाच एका प्रशिक्षणाला गेलो. त्यांतले दोघे हॉटेल व्यवस्थापन शिकलेले. पहिल्याच तासाला सातबारा मागितला गेला. दहा जणांकडे तो नव्हता. अकराव्याकडे होता, वतनाच्या तुकड्याचा : 18 गुंठे आणि त्यावर चौदा नावे! संयोजक भला माणूस. म्हणाला, "काळजी करू नका, केंद्रांना स्वयंपाकी आणि वेटर लागतातच की."

म्हणजे परत या, पण दुसऱ्याच्या शेतावर राबायला या.

ही भूमिहीनता आभाळातून पडलेली नाही. वतन ही जमीन नसून वेठ आहे हे ओळखून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. वतने रद्द करणारा कायदा आला 1958 साली. 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले. 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, तरी मराठवाड्यात गायरान कसणारी कितीतरी कुटुंबे अजून सातबाऱ्यावर आपले नाव शोधत आहेत. दादासाहेबांच्याच नावाच्या योजनेत भूमिहीनाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत जमीन मिळते. ती आधी कुणीतरी सरकारी भावाने विकायला हवी ना!

आणि पर्यटकाला दाखवले जाते ते गाव कोणते? बैलगाडी, चूल, पिठलं-भाकरी, संध्याकाळी हलगी. गावकुसाबाहेरची वस्ती त्या फेरीत येत नाही, तिथला हलगीवाला तेवढा येतो. ज्या वाजवण्यातून सुटण्यासाठी आमच्या आज्या-पणज्यांनी गावाचे बहिष्कार सोसले, तेच आता 'लोककला' म्हणून रोजंदारीवर परत आले आहे. कलेला आमचा विरोध नाही. वाजवणारा मालक का नाही, एवढेच विचारतो आहोत.

धोरणात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनाही जागा आहे. मग गायरान कसणाऱ्यांच्या संस्थेच्या नावावर जमीन करा, तिथेच केंद्र नोंदवा आणि खोल्यांसाठी अनुसूचित जातींच्या राखीव निधीतून भांडवल द्या. आमची मुले स्वयंपाकही करतील, हिशोबही ठेवतील.

याच मागणीचा अर्ज आम्ही तहसील कार्यालयात दिला आहे. पोच मिळाली. उत्तर नाही. हॉटेल व्यवस्थापन शिकलेल्या दोघांपैकी एक पुन्हा पुण्याला गेला; दुसरा शेजारच्या गावातल्या केंद्रावर पाहुण्यांना ताटे वाढतो.