कागद-पेन्सिलीचे संगणकशास्त्र

ज्या पनवेल तालुक्यात कर्नाळ्याचा सुळका उभा आहे, त्याच तालुक्यात २०२० साली योट्टा कंपनीचे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले. तेथील यंत्रे अहोरात्र चालतात. त्या यंत्रांमागचे शास्त्र कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाड्यांतील एखाद्या कुशाग्र मुलीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचावयाचे, याचा विचार मात्र कोणी केलेला दिसत नाही.

शाळकरी वयात विद्यापीठीय दर्जाचे संगणकशास्त्र शिकता येते काय, हा वाद जुना झाला. अमेरिकेत १९८४ साली ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षांत हा विषय दाखल झाला. त्या परीक्षेतील गुणांवर अनेक महाविद्यालये पुढे श्रेयांक देतात. त्याच सुमारास भारतात ‘क्लास’ प्रकल्पाखाली सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. तेथे विषय आला, येथे यंत्र आले. आणि यंत्रे लवकर जुनी होतात.

महाराष्ट्राने काहीच केले नाही असे नव्हे. बारावीच्या द्विलक्षी अभ्यासक्रमात दोनशे गुणांचे संगणकशास्त्र ठेवून मंडळाने विदासंरचना, सी प्लस प्लस, मायक्रोप्रोसेसर असे पदवीच्या वर्गातील विषय अकरावी-बारावीत आणले. हे धाडसाचेच पाऊल होते. परंतु त्याची किंमत काय? आजवरच्या रचनेत हा विषय घेणाऱ्याला दुसरी भाषा सोडावी लागे, म्हणजे बहुधा मराठीच. अनेक ठिकाणी वेगळी फी भरावी लागे, आणि अध्यापन व्यवहारात इंग्रजीतून. ज्याच्या घरी पैसा आणि इंग्रजी दोन्ही आहेत त्याच्यासाठी दार सताड उघडे. इतरांनी उंबऱ्याबाहेर थांबावे.

वस्तुतः या शास्त्राचा गाभा यंत्रात नाही. भारतीय संगणन ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली विभागीय परीक्षा कागद-पेन्सिलीनेच दिली जाते, ही बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. तिच्यातील प्रश्न ज्या विचारावर बेतलेले असतात त्याचा एक साधा नमुना घ्यावा. दहा ओळी व दहा स्तंभांच्या चौकटीत प्रत्येक घरात एक आकडा आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून, फक्त उजवीकडे किंवा खाली सरकत, खालच्या उजव्या कोपऱ्यात पोहोचावयाचे; वाटेतील आकड्यांची बेरीज जास्तीत जास्त कशी होईल? वाटा ४८,६२० आहेत. एकेक तपासू लागल्यास दिवस पुरणार नाहीत. पण प्रत्येक घरात, वरून आणि डावीकडून येणाऱ्या बेरजांपैकी मोठी निवडून तीत त्या घराचा आकडा मिळवत गेले, तर शंभर घरांत काम संपते. हाच विचार पदवीच्या वर्गात ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ या भारदस्त नावाने शिकवला जातो. नववीची मुलगी तो मराठीतून तासाभरात समजू शकते. त्यासाठी वीजही लागत नाही.

मूलभूत शिक्षणच धड नसताना ही चैन कशाला, असा आक्षेप येईल. शाळांची दुरवस्था खरी आहे. पण हा आक्षेप नेमका गरिबांच्या मुलांबाबतच कसा सुचतो? सुखवस्तू घरातील बुद्धिमान मुलाला पुढचे शिकवू नका, आधी सर्वांना वाचता येऊ द्या, असे कोणी म्हणत नाही.

२०२३ सालच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शाळा व विद्यापीठ यांतील भिंत निदान कागदावर तरी पाडली आहे. त्याचा आधार घेऊन पनवेलसारख्या शहरातील पदवी महाविद्यालयांनी आसपासच्या नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी रविवारी विनाशुल्क मराठी वर्ग चालवावेत, आणि विद्यापीठाने त्या अभ्यासाचे श्रेयांक मान्य करावेत. संगणकाची किंमत उतरत आली आहे. शिक्षकाची उतरत नाही, उतरूही नये. म्हणून हा खर्च शासनाने वेतनाच्या रूपाने उचलावा, टॅबलेट वाटून मोकळे होऊ नये. आणि वर्गाची वेळ ठरविताना वाड्यांकडे परतणारी शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, तेवढे आधी पाहून घ्यावे.