सजा केटीलाच का?

१३ मार्च २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका आली. जेमी मिलर हा १३ वर्षांचा मुलगा आपल्याच शाळेतल्या केटीला सुऱ्याने भोसकून ठार करतो. खून कोणी केला हे पहिल्या भागाच्या शेवटीच कळते. उरलेले तीन भाग ‘का केला’ या प्रश्नाभोवती फिरतात. जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांनी ती लिहिली आणि फिलिप बॅरंटिनी यांनी दिग्दर्शित केली. प्रत्येक भाग कॅमेरा न थांबवता सलग चित्रित केलेला असल्यामुळे पाहणाऱ्याला नजर चुकवायला जागाच मिळत नाही.

आपल्याकडेही ही मालिका पाहिली गेली. तिच्याविषयी माझ्या कानावर मुख्यतः दोन मते आली. पहिले असे : ‘हा तिकडच्या मोकाट संस्कृतीचा परिणाम आहे, आपल्या घरांत तरबियत आहे.’ दुसरे असे : ‘सगळ्या फितन्याचे मूळ मोबाइल, तो काढून घ्या.’ मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना शिकवते. ही दोन्ही मते मला नुसती चुकीची नव्हे, तर घातक वाटतात.

पहिल्या मताचे लोक मालिका पाहतात, पण त्यातले घर पाहत नाहीत. जेमीचा बाप एडी प्लंबर आहे, दिवसभर राबणारा. त्याच्या बापाने त्याला पट्ट्याने मारले होते, म्हणून आपल्या मुलावर हात उचलायचा नाही असे त्याने ठरवले आणि ते पाळले. आई प्रेमळ आहे, बहीण समंजस आहे. मुलाला संगणक घेऊन दिला, तो रात्री उशिरापर्यंत खोली बंद करून बसायचा, आणि आईबापांना वाटायचे, पोरगा घरात आहे म्हणजे सुरक्षित आहे. वाचकहो, यात इंग्रजी असे काय आहे? मालेगावच्या यंत्रमागावर पाळी करणारा बाप किंवा मुंब्य्रातून पहाटेची लोकल पकडणारा बाप एडीहून किती वेगळा? मुलगा नाक्यावर उभा राहत नाही, सिगारेट ओढत नाही, घरातच असतो, यावर आपणही समाधान मानतोच ना?

त्या बंद खोलीत जेमीला उस्ताद भेटले. ८० टक्के मुलींना फक्त २० टक्के मुले आवडतात, उरलेल्यांनी मुली फसवून तरी मिळवाव्यात किंवा त्यांचा द्वेष तरी करावा, हा त्यांचा सबक. १३ वर्षांच्या मुलाने तो पाठ केला. तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला मात्र यातले काहीच कळत नाही. केटीने जेमीच्या फोटोखाली टाकलेली चिन्हे त्याला मैत्रीची वाटतात. शेवटी त्याचाच मुलगा त्याला समजावतो, की अब्बा, ती त्याची थट्टा होती. कुठलीच मुलगी कधी पसंत करणार नाही असा मुलगा, असे ती त्याला म्हणत होती. मुलांची भाषा बापांना येत नाही, ही या मालिकेतली सर्वांत भयंकर गोष्ट आहे, सुऱ्याहूनही.

आणि हे विष फक्त तिकडचेच आहे काय? १ जानेवारी २०२२ची सकाळ आपण विसरलो? ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’ला मांडले होते. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या, सगळ्या बोलणाऱ्या स्त्रिया. त्याआधी जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ झालेच होते. मुंबई पोलिसांनी अटकसत्र सुरू केले तेव्हा कोण सापडले? २१ वर्षांचे विद्यार्थी, आणि १८ वर्षांची एक मुलगीसुद्धा. कोणी सराईत गुंड नव्हते. आपापल्या घरात, आपापल्या पडद्यासमोर बसलेली, आईबापांच्या लेखी अभ्यास करणारी पोरे होती. तेव्हा आपल्या बहिणी त्यांच्या निशाण्यावर होत्या म्हणून आपल्याला राग आला, आणि तो रास्तच होता. पण बाईला वस्तू समजणारी ती नजर आपल्या मुलांच्या फोनमध्ये नाही, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

गुन्हा ‘त्यांचा’ ठरवला की आपण सुटतो, ही युक्ती जुनी आहे. २९ जुलै २०२४ रोजी इंग्लंडमधल्या साउथपोर्ट गावात नृत्यवर्गातल्या तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी मुस्लिम निर्वासित असल्याची अफवा उठली आणि दुसऱ्याच दिवशी जमावाने तिथल्या मशिदीवर हल्ला केला. आरोपी कार्डिफमध्ये जन्मलेला १७ वर्षांचा मुलगा होता. अफवा साफ खोटी होती. पुढे ‘अ‍ॅडोलेसन्स’ आली तेव्हा काहींनी ओरड केली, की खुनी मुलगा गोरा का दाखवला? थॉर्न यांनी उत्तर दिले, की गोष्ट वंशाची नाही, पुरुषपणाची आहे. ज्या समाजाने ‘गुन्हेगार म्हणजे मुसलमान’ हे समीकरण भोगले आहे, त्याने तरी ‘गुन्हा म्हणजे गोऱ्यांची संस्कृती’ असे उलटे समीकरण मांडू नये.

आता दुसरे मत, मोबाइल काढून घेण्याचे. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी करणारा कायदा केला, तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यावर जरूर चर्चा व्हावी. पण आपल्या मोहल्ल्यात बंदी कोणावर येते ते पाहा. फोन मुलीचा जातो. भावाचा फोन त्याच्या खिशात राहतो.

मालिकेत एक तपशील आहे, तो पुष्कळांच्या नजरेतून निसटतो. खुनापूर्वी केटीचा उघडा फोटो एका मुलाने शाळेत फिरवला होता. जेमी मानसशास्त्रज्ञ बाईंना सांगतो, की ती बदनाम झाली, कमकुवत झाली, म्हणून आता आपल्याला होकार देईल असे त्याला वाटले. तिने नकार दिला. नकार देण्याचा हक्क बदनाम मुलीलाही असतो, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

आपल्याकडे असा फोटो फिरला तर काय होते? पहिला सवाल येतो, ‘तिने फोटो काढलाच कशाला?’ दुसऱ्या आठवड्यात तिची शाळा बंद. वर्षभरात निकाह. अल्पवयीन मुलीचा असा फोटो पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे, पण तो पसरवणारा मुलगा पुढच्या बाकावर बसून बोर्डाची परीक्षा देतो. आपण सुरा चालवत नाही, एवढेच. मुलीचे आयुष्य संपवण्याचा आपला रिवाज अधिक सभ्य आहे आणि त्याला आपण इज्जत म्हणतो.

या मालिकेशीही माझे भांडण आहे. जेमीची खोली आपण पाहतो, त्याचे टेडी अस्वल पाहतो, बापाचे रडणे पाहतो. केटीचे घर एकदाही दिसत नाही. तिच्या आईबापांचे दुःख कुठे आहे? मालिकेतली पोलीस बाई स्वतःच म्हणते, की सगळ्यांना मारणारा लक्षात राहील, मेलेली राहणार नाही. तक्रार पात्राच्या तोंडी घातली म्हणून ती मिटत नाही. जेमीचे काम करणाऱ्या ओवेन कूपरला वयाच्या १५व्या वर्षी एमी पारितोषिक मिळाले, ते योग्यच. पण चार भागांत केटीसाठी एक भाग असता तर काय बिघडले असते?

ब्रिटनमध्ये ही मालिका माध्यमिक शाळांना मोफत दाखवण्यासाठी उपलब्ध झाली आणि पंतप्रधान स्टार्मर यांनी त्याला पाठिंबा दिला. आम्हा शिक्षकांना ती दाखवण्याची सक्ती नको. पण बोलण्याची परवानगी द्या. मुलींना बंद वर्गात ‘कसे राहावे’ याची व्याख्याने आम्ही वर्षानुवर्षे देतो. मुलांसाठी तसा एकही तास नाही. पालकसभेला अम्मी येते, अब्बा येत नाहीत. दीनचा हवाला देणाऱ्यांनी सूरह नूर पुन्हा उघडावी. नजर खाली ठेवण्याचा हुकूम तिथे ३०व्या आयतीत पुरुषांना आहे, स्त्रियांची पाळी ३१व्यात येते. आपण मात्र पहिली आयत गाळून थेट दुसरीपासून तालीम सुरू करतो.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी एखाद्या मुलीचा फोटो फिरेल, तेव्हा तिचे नाव हजेरीपटावर राहू द्या. शाळेत बोलवायचेच असेल, तर ज्याने फोटो फिरवला त्याच्या बापाला बोलवा.