कुर्डुवाडीला म्हणे इतिहास नाही!

परवा भाचा म्हणाला, "मामा, कुर्डुवाडीत बघण्यासारखं आहे काय? ना किल्ला, ना लेणी." चूक त्याची नाही. इतिहास म्हणजे किल्ले आणि लढाया, हे आम्हा मास्तरांनीच शिकवलं.

अरे बाबा, या स्टेशनाचं नावच पूर्वी बार्शी रोड होतं! एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरने इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले, १८९७ साली. तीच छोटी गाडी १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेला पोचली. किती वारकरी त्या डब्यांतून गेले असतील!

रूळ रुंद झाले, उत्तम झालं. त्यासाठी रडणाऱ्यांतला मी नाही. पण त्या मार्गावरची जुनी स्टेशनं, क्वार्टर्स, मालधक्के का मोडून पडू द्यायचे? चौथऱ्यावर एक इंजिन रंगवून ठेवलं की आपला वारसा जपून झाला! अहो, त्या खोल्यांत वाचनालय काढा, पोस्ट काढा. वापर असला की फुटकं कौल कुणीतरी बदलतंच.

भाच्याला पुढच्या खेपेस घेऊन जाणार आहे. दुपारी नको म्हणतो, ऊन फार असतं म्हणे.