कमी म्हणजे लेस की फ्यूअर?

दोस्तांनो, या आठवड्यात मी खरं तर इन, ऑन आणि ॲटच्या भांडणाबद्दल लिहिणार होतो. पण परवा एक पत्र आलं आणि ते भांडण पुढच्या महिन्यावर ढकलावं लागलं. पत्र सातवीतल्या एका मैत्रिणीचं आहे. ‘माझं नाव-गाव छापू नका’ असं तिनं खाली दोनदा रेघ मारून लिहिलंय, म्हणून छापत नाही.

झालं असं. तिचे बाबा मराठी शाळेत शिकलेले. त्यांची आणि इंग्रजीची गाठ पडली ती एकदम पाचवीत. तरी रोज रात्री जेवणं झाली की ते तिच्याबरोबर इंग्रजीची वही घेऊन बसायचे. ‘माझी शाळा’ या निबंधात त्यांनी तिला एक वाक्य सांगितलं, ‘देअर आर लेस बेंचेस इन अवर क्लासरूम.’ बाईंनी ‘लेस’वर लाल गोल केला, अर्धा मार्क कापला आणि वर्गात ते वाक्य मोठ्यानं वाचूनही दाखवलं. आमची मैत्रीण रडवेली होऊन घरी आली आणि काका-आजोबांच्या देखत बाबांना म्हणाली, “तुम्हांला येत नाही, तर सांगता कशाला?” बाबा काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते वहीपाशी फिरकलेलेच नाहीत. पत्राच्या शेवटी प्रश्न एकच आहे, ‘बाबांचं खरंच चुकलं होतं का?’

आधी परीक्षेपुरतं उत्तर देतो. बाईंचं बरोबर आहे. तिथे ‘फ्यूअर बेंचेस’ हवं होतं.

आता जरा खोलात जाऊ. आपल्या मराठीत ‘कमी’ हा एकच शब्द सगळी कामं करतो. कमी पाणी, कमी मुलं, कमी मीठ, कमी बाक! इंग्रजीत या कामाला दोन गडी आहेत. एक लेस, दुसरा फ्यूअर. लेस हा ‘लिटल’च्या घरचा, म्हणजे लिटल, लेस, लीस्ट. फ्यूअर हा ‘फ्यू’च्या घरचा, फ्यू, फ्यूअर, फ्यूएस्ट. मग कुठे कोणाला बोलवायचं? स्वयंपाकघरात जा. पोळ्या आपण मोजतो, पीठ मापतो. अंडी मोजतो, दूध मापतो. मोजायची वस्तू असली की फ्यूअर, मापायची असली की लेस. फ्यूअर एग्ज, लेस मिल्क. प्रश्न विचारतानाही तसंच. हाऊ मेनी एग्ज, पण हाऊ मच मिल्क. आपलं ‘किती’ बिचारं दोन्हीकडे धावतं.

इथपर्यंत सोपं आहे. पण खरी गंमत, म्हणजे खरी पंचाईत, पुढेच आहे. काय मोजायचं आणि काय मापायचं, हे मराठी एका तऱ्हेनं ठरवते आणि इंग्रजी दुसऱ्या तऱ्हेनं. आपण म्हणतो ‘तांदूळ संपले’. म्हणजे आपल्या लेखी तांदूळ अनेक! पण इंग्रजी राइस हा एक ढीग आहे, त्यामुळे लेस राइस. शेंगदाणे मात्र इंग्रजीतही अनेकच, म्हणून फ्यूअर पीनट्स. आपले ‘केस गळतात’, त्यांची हेअर गळते. माझ्या डोक्यावर आता लेस हेअर आहे, फ्यूअर हेअर्स नाहीत. (निदान व्याकरणापुरता तरी मी श्रीमंत राहिलो असतो तर बरं झालं असतं!) फर्निचर घ्या. टेबल मोजता येतं, खुर्ची मोजता येते, पण फर्निचर नाही. म्हणून फ्यूअर चेअर्स, पण लेस फर्निचर. होमवर्क, लगेज, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस ही सगळी याच पंगतीतली मंडळी. यांना शेवटी एस लावायचा नाही आणि फ्यूअरही लावायचं नाही.

आणि पैसे? ते तर आपण मोजतोच की! बरोबर, पण आपण मोजतो त्या नोटा आणि नाणी. ‘वन मनी, टू मनी’ असं कोणी मोजत नाही. म्हणून फ्यूअर कॉइन्स, पण लेस मनी.

एक खाचखळगा आणखी आहे. ‘पन्नास रुपयांपेक्षा कमी’ हे इंग्रजीत ‘लेस दॅन फिफ्टी रुपीज’ असंच म्हणतात. रुपये मोजता येतात ना? येतात. पण इथे पन्नास सुटे रुपये कोणाच्या डोळ्यांपुढे नसतात, एक रक्कम असते. तसंच अंतराचं आणि वेळेचं. लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स, लेस दॅन टू अवर्स. इथे फ्यूअर वापरलंत तर ते कानाला खटकेल.

आता तू म्हणशील, कमीची एवढी कटकट, मग ‘जास्त’चं काय? जास्तला एकच शब्द आहे. मोअर मिल्क, मोअर एग्ज, कुठे भांडण नाही. पण ऐका हं, पूर्वी तिथेही दोन शब्द होते! मोजायच्या वस्तूंसाठी ‘मो’ आणि मापायच्या वस्तूंसाठी ‘मोअर’, अशी वाटणी जुन्या इंग्रजीत बराच काळ चालू होती. पुढे मो हळूहळू मागे पडला आणि मोअरनं दोन्ही घरं सांभाळली. म्हणून व्याकरणाच्या पुस्तकात मच आणि मेनी या दोघांपुढेही मोअरच छापलेलं असतं.

मग लेसनं दोन्ही घरं सांभाळायचा प्रयत्न केला नाही का? केला की! आणि इथेच बाबांची बाजू येते. नवव्या शतकात इंग्लंडमध्ये आल्फ्रेड नावाचा राजा होऊन गेला. लढाया तर तो लढलाच, पण लॅटिन ग्रंथांची इंग्रजीत भाषांतरंही त्यानं केली. त्याच्या काळच्या इंग्रजीत ‘शब्दांपैकी कमी’ अशा धाटणीनं, मोजायच्या नामाबरोबरही लेस वापरत असत. पुढे ती ‘पैकी’ची विभक्ती झिजून गेली आणि लेस थेट अनेकवचनाला जाऊन चिकटलं. शेकडो वर्षं लोक असंच बोलत होते. मग १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकानं इंग्रजी भाषेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं म्हटलं, की अशा जागी मला लेसपेक्षा फ्यूअर जास्त चांगलं वाटतं. ही त्याची आवड होती. पुढच्या व्याकरणकारांनी तिचा नियम केला, आणि तो नियम तुझ्या बाईंच्या लाल पेनापर्यंत पोचला.

बरं, खुद्द इंग्रजांना तरी हा नियम पाळता येतो का? ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानांत थोडंच सामान घेणाऱ्यांसाठी वेगळी रांग असायची आणि तिच्यावर पाटी होती, ‘टेन आयटम्स ऑर लेस’. ही पाटी चुकीची म्हणून लोकांनी इतकी कुरकुर केली, की २००८ साली दुकानानं लेसही नको आणि फ्यूअरही नको म्हणून ‘अप टू टेन आयटम्स’ अशी नवी पाटी लावायचं ठरवलं. ज्यांची ही भाषा, त्यांनीच पळवाट काढली!

तेव्हा मैत्रिणी, परीक्षेत फ्यूअरच लिही, अर्धा मार्क कशाला घालवायचा? पण बाबांचं वाक्य अडाण्याचं नव्हतं. ते एका राजाच्या वळणाचं होतं. हा अंक घडी घालून त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेव. आणि माफी तोंडानं मागवत नसेल, तर खालच्या चार गाळलेल्या जागा त्यांच्याबरोबर बसून भर. प्रत्येक जागी लेस किंवा फ्यूअर :

देअर इज ––– वॉटर इन द वेल धिस इयर.
आय मेड ––– मिस्टेक्स धिस टाइम.
वी हॅव ––– फर्निचर दॅन अवर नेबर्स.
द बस टेक्स ––– दॅन थ्री अवर्स.

चौथी जागा जरा फसवी आहे, बरं का. उत्तरं पुढच्या अंकात. आणि बाबा काय म्हणाले, ते मला नक्की कळव.