हरणासाठी कुठली गोळी?

शीर्षक वाचून दचकू नका! मी शिकारी नाही. आयुष्यात बंदूक हातात धरली ती फक्त जत्रेत, फुगे फोडायला, आणि एकही फुटला नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठीही तसंच, नेम चुकणारं. सांभाळून घ्या.

झालं असं की माझे मामा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डुलुथला राहतात. तिथे नोव्हेंबरमध्ये हरणांच्या शिकारीचा सीझन असतो, रीतसर लायसन्स काढून. माझा अठरा वर्षांचा मामेभाऊ मित्रांच्या नादाने सेफ्टी कोर्स पास झाला आणि मला फोन केला, "ताई, तू मेकॅनिकलला ना? .308 रायफल आहे. बुलेट कुठली घेऊ?" आई मागून ओरडली, "मुक्या जनावराला मारतोस, लाज नाही वाटत?" मलाही तेच म्हणायचं होतं. पण आदल्या रात्री मेसमध्ये मी चिकनसाठी दोनदा लाइनमध्ये उभी होते, त्यामुळे गप्प बसले.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती बंदच राहावी. पण जिथे ती होणारच आहे, तिथे ते जनावर दहा सेकंदांत मरणार की जखमी होऊन रात्रभर जंगलात फिरणार, हे बऱ्याच अंशी गोळीवर ठरतं. म्हणून मी वाचायला बसले.

पहिला धक्का फिजिक्सचा. 150 ग्रेनची म्हणजे जेमतेम 9.7 ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण 850 मीटर वेगाने निघते. गणित करा, साडेतीन हजार जूल! पण मोमेंटम बघाल तर साठ किलोचं हरीण त्याने नीट ढकललंही जात नाही. सिनेमात माणूस गोळी लागून मागे उडतो ते सगळं खोटं. मारते ती आत होणारी जखम. पूर्ण धातूचं कवच असलेली गोळी आरपार जाते, बारीक भोक पाडते, आणि हरीण पळत राहतं. म्हणून टोकाशी मऊ, आत शिरल्यावर अळंबीसारखी फुलणारी गोळी लागते. मिनेसोटात तर कायद्यानेच तशी गोळी सक्तीची आहे.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) अशीच फुलणारी गोळी 1890 च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ब्रिटिशांनी बनवली. 1899 च्या हेग परिषदेत ती युद्धात वापरायला बंदी घातली गेली. माणसासाठी जी क्रूर ठरली, तीच हरणासाठी दयाळू. यावर मी दोन दिवस विचार केला. उत्तर एवढंच सुचलं की युद्धात माणसाला थांबवलं तरी पुरतं, शिकारीत अर्धवट जखमी करण्याइतकं वाईट काही नाही.

पण फुलणं फार झालं तरी पंचाईत. टार्गेटवर मारायच्या गोळ्या अचूक असतात, पण खांद्याच्या हाडावर त्या फुटून वरच्यावर थांबू शकतात. माझ्या भावाला त्याच घ्यायच्या होत्या, कारण कागदावर ग्रुपिंग सुंदर येतं म्हणे! हरीण म्हणजे कागद आहे का?

आणि आता शिसं. नेहमीच्या गोळीत तांब्याच्या कवचात शिसं असतं. ते फुलताना त्याचे बारीक कण मांसात उडतात. मिनेसोटाच्याच सरकारी खात्याने 2008 मध्ये मेंढ्यांच्या शवांवर गोळ्या झाडून एक्स-रे काढले, तर जखमेपासून फूटभर लांबही कण सापडले. ते मटण घरात पोरंबाळं खातात. जंगलात टाकलेली आतडी गरुड खातात आणि शिशाच्या विषबाधेने मरतात. आपल्याकडे डायक्लोफिनॅक दिलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली, 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करावं लागलं. ही तीच गोष्ट! कॅलिफोर्नियाने कॉन्डर गिधाडांचे हाल बघून 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आणली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गोळी पूर्ण तांब्याची घ्यावी. ती पाकळ्यांसारखी उघडते, तुकडे जवळजवळ पडत नाहीत. तोटे आहेत, लपवत नाही. महाग असते. शिशाची घनता 11.3 आणि तांब्याची 8.96, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, काही बॅरलना ती मानवत नाही. मग थोडी हलकी घ्यायची. आणि वेग कमी पडला की तांबं नीट उघडत नाही, म्हणजे लांबून मारायचा मोह सोडायचा. मला तर हा फायदाच वाटतो.

भावाने कुरकुर केली, पण तांब्याच्याच घेतल्या. रायफलचा नेम जुळवण्यातच दोन बॉक्स संपले. सीझनच्या तिसऱ्या दिवशी एक नर दिसला, पण बराच लांब, आणि अंग तिरकं. त्याने गोळी झाडली नाही. घरी येऊन फोनवर माझ्यावरच चिडला, "तुझ्यामुळे गेलं!"

आई मात्र खूश आहे. या सुट्टीत त्याच्यासाठी पुरणपोळ्या करून पाठवणार म्हणते.