कडी वाजवण्याआधी परवानगी

चोपडा किंवा शिरपूरला काढलेला सीटी स्कॅन आता अनेकदा तिथेच वाचला जात नाही. प्रतिमा इंटरनेटवरून नाशिक-पुण्यातल्या रेडिओलॉजिस्टकडे जातात आणि रात्री-अपरात्रीही अहवाल येतो. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णासाठी ही सोय जीव वाचवणारी आहे. पण ज्या वाटेने प्रतिमा डॉक्टरपर्यंत पोहोचतात, ती वाट इतरांनाही मोकळी राहिली तर?

२०१९ मध्ये ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन कंपनीने वैद्यकीय प्रतिमा साठवणारे जगभरातील सुमारे २,३०० सर्व्हर तपासले. त्यांपैकी ५९० सर्व्हरवरील माहिती इंटरनेटवरून कोणालाही पाहता येत होती. रुग्णांच्या २ कोटी ४० लाखांहून अधिक नोंदी त्यांत होत्या. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अहवालात भारतातील राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता: ३ लाख ८ हजारांवर नोंदी आणि जवळपास ६ कोटी ९७ लाख प्रतिमा. रुग्णाचे नाव, जन्मतारीख, तपासणीचा दिवस, डॉक्टरचे नाव असा तपशील या नोंदींत होता.

यासाठी कोणी कुलूप तोडले नव्हते. एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या प्रतिमा ‘डायकॉम’ या पद्धतीने साठवल्या आणि पाठवल्या जातात. ती रुग्णालयाच्या चार भिंतींतील यंत्रांसाठी तयार झाली. तोच सर्व्हर पासवर्डविना थेट इंटरनेटला जोडला, की दार उघडेच राहते. तालुक्याच्या गावात क्षयरोगाचा अहवाल किंवा अविवाहित मुलीची सोनोग्राफी चार लोकांच्या मोबाइलवर गेली, तर त्या घराचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

अशी उघडी दारे शोधणारी साधने आज सर्वांना उपलब्ध आहेत. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांची यादी ठेवणारे ‘शोडान’ २००९ पासून आहे. ‘एनमॅप’ त्याहून जुने, १९९७ चे आणि मोफत. जळगाव-धुळ्यात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांनाही ती सहज मिळतात. ही साधने वाईट नाहीत. सुरीने शस्त्रक्रिया होते आणि जखमही होते. फरक संमतीचा असतो.

या कामाच्या तीन पायऱ्या ओळखाव्यात. आधीच तयार असलेल्या यादीत पाहणे, ही पहिली. दुसऱ्याच्या यंत्राला स्वतः संदेश पाठवून कोणते दार उघडे आहे ते चाचपणे, ही दुसरी. आत जाऊन माहिती पाहणे किंवा उतरवून घेणे, ही तिसरी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश केला किंवा माहिती उतरवली, तर भरपाई द्यावी लागू शकते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले, तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. म्हणजे ‘हेतू चांगला होता’ एवढ्याने सुटका होतेच असे नाही.

दुसरी पायरीही निरुपद्रवी समजू नये. महत्त्वाच्या यंत्रणांची कोणी हेतुपुरस्सर चाचपणी केली, तर ६ तासांत कळवावे, असे ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. शिवाय रुग्णालयातली काही उपकरणे जुन्या संगणक प्रणालीवर चालतात. अनपेक्षित संदेशांच्या माऱ्याने असे उपकरण अडकू शकते आणि त्या क्षणी त्याला रुग्ण जोडलेला असू शकतो. बाहेरून चाचपणाऱ्याला ते दिसत नाही.

म्हणून सराव स्वतःच्या संगणकावर करावा. एनमॅपच्या निर्मात्यांनी ‘स्कॅनमी’ नावाचा संगणक सरावासाठीच खुला ठेवला आहे. रुग्णालयाची उघडी माहिती नजरेस पडलीच, तर तिथेच थांबावे. प्रतिमा उतरवू नये, स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नये, ‘पैसे द्या मग सांगतो’ असे तर मुळीच म्हणू नये. रुग्णालयाला आणि सर्ट-इनला लेखी कळवावे.

पण सगळा उपदेश पोरांनाच करणे अन्यायाचे ठरेल. दार उघडे ठेवणारा मोठा दोषी आहे. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातील अग्रगण्य रुग्णालय कित्येक दिवस कागद-पेनावर आले. नेटवर्कची योग्य विभागणी नसल्यामुळे हे घडल्याचे सरकारने संसदेत सांगितले. तिथे ही अवस्था, तर एका संगणकावर बिलिंग, पॅथॉलॉजी आणि सोनोग्राफी चालवणाऱ्या वीस खाटांच्या रुग्णालयाचे काय?

अशा रुग्णालयांनी स्वतःहून तपासणी करून घ्यावी. कोणते सर्व्हर, कोणती तारीख, कोणती वेळ, अडचण आल्यास फोन कोणाला, हे लेखी परवानगीत असावे. शस्त्रक्रियेचे संमतीपत्र घेणाऱ्यांना हे जड जाऊ नये. यंत्रासोबत आलेला पासवर्ड बदलावा आणि प्रतिमांचा सर्व्हर थेट इंटरनेटवर ठेवू नये. त्रुटी कळवण्यासाठी संकेतस्थळावर एक ईमेल पत्ता द्यावा आणि तो कोणीतरी रोज उघडावा.

आणि सौजन्याने त्रुटी सांगायला आलेल्या तरुणाला पोलिसांची भीती घालू नये. त्याला हाकलून दिले, तर पुढचा तरुण गप्प बसेल. दार मात्र उघडेच राहील, आणि नंतर येणारा न सांगता आत जाईल.