होडी कुठे थांबते?

पटावरून

गेले तीन आठवडे रात्रीची जेवणं आटोपली की मी आणि माझा भाचा एक नकाशा रचतोय. खेळ जुना आहे, १९९९ सालचा ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’. उत्तरेला बर्फाचे डोंगर, दक्षिणेला दलदल, मधून एक मोठी नदी. भाच्याचा हट्ट एकच, त्या नदीतून जहाज चाललं पाहिजे.

पहिल्याच रात्री अडलं. या खेळाच्या मॅप एडिटरमध्ये नदी काढायचं वेगळं साधन आहे. नितळ, गोठलेली, गढूळ आणि लाव्हाची अशा चार तऱ्हांच्या नद्या त्यात मिळतात. दिसतात सुरेख, पण ती जमिनीवर ओढलेली नुसती रेघ. घोडेस्वार तिच्यावरून कोरड्या रानातून जावा तसा निघून जातो, जहाज तिच्यात शिरतच नाही. म्हणून नकाशे करणारे लोक नदीच्या जागी समुद्राचंच पाणी अरुंद पट्ट्यात ओततात. आम्हीही तेच केलं. मुखापासून थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत पाणी ओतलं आणि तीन ठिकाणी गोद्या ठेवल्या. हजार सुवर्णमुद्रा आणि १० लाकूड मोजलं की जहाज तयार.

आणि खेळातला जीवच गेला. शत्रूचं जहाज मुखातून शिरलं ते राजधानीच्या दाराशीच येऊन लागलं. वाटेत कुठे थबकणं नाही, कुणाशी गाठ नाही. खिंडीतला पहारा, जंगलातली वळणाची वाट, भाच्याने मन लावून रचलेलं सगळं वाया गेलं. त्याचा चेहरा उतरला. “मावशी, नदी काढूनच टाकूया का?”

नको, म्हटलं. चूक नदीची नव्हती. नदी म्हणजे जमिनीत घुसलेला समुद्र, असं आम्ही धरून चाललो होतो.

कोकणातलं कुणी असं धरून चालणार नाही. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आणि आत गोवळकोट-चिपळूण. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट आणि आत महाड. भरतीचं पाणी जिथवर चढे तिथवर पडाव, म्हणजे मालाच्या होड्या, येत. तिथे माल उतरे, बैलांच्या पाठीवर चढे आणि कुंभार्ली नाहीतर वरंध घाटाने देशावर जाई. ही गावं बाजारपेठा झाली, कारण नदी होडीला त्यापुढे जाऊ देत नव्हती. पडाव घाटमाथ्यापर्यंत गेला असता तर महाडला कोण कशाला थांबलं असतं? आणि ही थांबायची जागा कायमची नसते. राजापूरला इंग्रजांची वखार होती, १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, इतकं ते बंदर भरलेलं. पुढे खाडीत गाळ साचत गेला आणि गलबतं शहरापर्यंत येईनाशी झाली.

नदीतून जहाज चालवायचं ठरवलं की ते कुठे थांबणार हे आधी ठरवायला हवं, असं माझं ठाम मत झालंय. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ या मुक्त खेळात हे फार समजून केलंय. तिथे एकाच नदीत खोल पाणी, उथळ पाणी आणि सहज ओलांडता येणारा उतार असे वेगवेगळे षटकोन असतात. खोल पाण्यात साध्या पायदळाला पाऊलच टाकता येत नाही. उथळ पाण्यात टाकता येतं, पण एका घरासाठी तीन चाली मोजाव्या लागतात आणि वार चुकवण्याची शक्यता २० टक्क्यांवर येते. त्याच घरात मत्स्यमानवाला ती ६० टक्के असते. उताराच्या घरात मात्र दोघांचीही सोय आहे. अशा नदीकाठी लढाई कुठे होणार हे पाणीच सांगतं.

‘सिव्हिलायझेशन’ मालिकेने २०२५ च्या सातव्या भागात जहाजं चालतील अशा नद्या आणल्या. आधीच्या भागात नदी षटकोनांच्या कडेकडेने वाहायची, आता मोठी नदी अख्खे षटकोन व्यापते. मला ते मनापासून आवडलं. फक्त कुठली नदी जहाजाची आणि कुठली नाही, हे नकाशा तयार होतानाच ठरून जातं. मला हवी आहे खेळणाऱ्याने कष्टाने मोकळी केलेली नदी.

तशी धडपड आपल्या गोदावरीवर झालेली आहे. धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पूर्ण करणाऱ्या आर्थर कॉटन यांचं पुढचं स्वप्न होतं वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस नदीतून समुद्रापर्यंत नेण्याचं. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि तिसरा आपल्या अहेरीकडे, प्राणहितेवरच्या देवलमरीला. प्रत्येक ठिकाणी बंधारा घालायचा, बाजूने कालवा काढायचा, दारं लावून होड्या चढवायच्या-उतरवायच्या, अशी ती योजना. दुम्मागुडेमला काम उभंही राहिलं. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोचली, आणि १८७० नंतर लवकरच सगळं सोडून दिलं गेलं. खेळाच्या पटावर याहून चांगला पेच कुठला? खजिना खडकांवर ओतायचा, की तोच पैसा रस्त्याला लावायचा?

आमच्या जुन्या खेळात एवढी सोय नाही. पण त्याचा एक नियम कामी आला: जहाजात चढलं किंवा उतरलं की सरदाराची त्या दिवसाची उरलेली चाल संपते. मग निम्म्या वाटेवर आम्ही पाणी संपवलं, पुढे नुसती रेघेची नदी नेली. त्या टोकाला येणाऱ्याला रात्र काढावीच लागते, आणि तेवढ्यात खिंडीतले पहारेकरी सावध होतात. तिथे एक गोदी ठेवली, जवळ लाकडाची गिरणी. भाच्याने आपणहून शेजारी तबेला मांडला. त्याला भेट दिली की आठवडा संपेपर्यंत जमिनीवरची चाल वाढते. काल त्याने चार वेळा स्वतःच हल्ला करून पाहिला. चारही वेळा लढाई त्या गोदीपाशीच झाली. गोदीभोवतीच्या या गावाला नाव काय द्यायचं यावर आमचं अजून एकमत व्हायचंय.

– सोंगटी